रंगांची रुजवात

चित्राची दुसरी प्रत मूळच्याच रंगांत निघावी ही आकांक्षा मुद्रणकलेइतकीच जुनी असली, तरी तिला हाताच्या कसबातून काढून नियमाच्या कक्षेत आणण्याचा पहिला निश्चयी प्रयत्न ज्याने केला, तो याकोब क्रिस्टोफ ल ब्लाँ हा १६६७ साली फ्रांकफुर्ट येथे जन्मलेला चित्रकार आज मुद्रकांच्याही स्मरणात फारसा उरलेला नाही. निळी, पिवळी आणि तांबडी अशा तीनच शाया तांब्याच्या तीन ठशांवरून एकावर एक छापल्या, तर सृष्टीतील यच्चयावत वर्ण उत्पन्न होतात, असा त्याचा सिद्धान्त होता. १७१९ मध्ये इंग्लंडचा राजा पहिला जॉर्ज याने त्याला या पद्धतीची सनद दिली. लंडनमध्ये भागधारकांच्या भांडवलावर चित्रे छापण्याचा कारखाना उभा राहिला आणि काही वर्षांतच तो तोट्यात बुडाला. पुढे त्याने पॅरिस गाठले, आपल्या पद्धतीत काळ्या शाईचा चौथा ठसा जोडला, आणि १७४१ मध्ये तो तेथेच वारला. आजच्या इंकजेट प्रिंटरमधील चार मूळ शायांचा वंश त्याच्यापर्यंत पोचतो, आणि त्या प्रिंटरसमोर बसणाऱ्याला पडणारा पेचही त्याच्यापासूनच चालत आलेला आहे: मोजक्या शायांतून सर्व रंग होतात हे खरे, परंतु अमुक एका रंगाला कोणती शाई किती, हे सांगणारा जाबता कोठे आहे? ल ब्लाँने तो आपल्या बोटांत ठेवला होता. ठशाचा खरखरीत पृष्ठभाग कोठे किती घासावा हे त्याचा हात जाणत असे, आणि हाताचे ते ज्ञान आकड्यांत मांडलेले नव्हते.

यानंतरच्या तीनशे वर्षांचा इतिहास यंत्रे उत्तरोत्तर अचूक होत गेल्याचा इतिहास म्हणून सांगण्याची रीत आहे. मला ती पटत नाही. शाई, कागद आणि यंत्र हे त्रिकूट आजही आपल्या लहरीने वागते. माणसाने संपादन केली ती या त्रिकुटाचे दोष मोजण्याची, ते लिहून ठेवण्याची आणि त्या लेखाच्या आधारे त्याच्याकडून खरे काम करवून घेण्याची विद्या. ज्याला छायाचित्रकार प्रिंटरचे ‘प्रोफाइल’ म्हणतात, तो यंत्राच्या दोषांची साद्यंत कैफियत नमूद केलेला एक दस्तऐवज आहे, आणि त्याला प्रामाण्य यावे म्हणून आधी एका विलक्षण गोष्टीची तजवीज व्हावी लागली: माणसाची दृष्टी मुकरर करण्याची.

त्या दिशेने पहिले मोठे पाऊल पडले ते लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये, १७ मे १८६१ रोजी. डोळ्यात तीन प्रकारची संवेदना असते हा टॉमस यंगचा तर्क प्रत्यक्ष दाखवावा म्हणून जेम्स क्लर्क मॅक्सवेल याने रंगीत चौकड्यांच्या एका फितीची तीन छायाचित्रे टॉमस सटन याजकडून काढविली होती. एक तांबड्या द्रावणातून, एक हिरव्या आणि एक निळ्या. तीन दिव्यांपुढे तीच द्रावणे धरून ती तीन चित्रे पडद्यावर एकत्र पाडली, तेव्हा सभागृहाला फितीचे रंग दिसले. परंतु त्या काळच्या कलोडियनच्या काचेला तांबडा प्रकाश मुळी जाणवतच नसे. मग तांबड्या द्रावणातून घेतलेल्या काचेवर चित्र उमटले कसे? या प्रश्नाचा उलगडा पुरी शंभर वर्षे लोटल्यावर, १९६१ मध्ये, कोडॅक कंपनीतील राल्फ इव्हान्स यांनी केला: फितीतील तांबडा रंग डोळ्याला न दिसणारे जंबुपार किरणही परावर्तित करीत होता, ते त्या द्रावणातून पार होत होते, आणि काचेवर जे उमटले ते तांबड्याचे नव्हे तर जंबुपाराचे चित्र होते. सिद्धान्त खरा होता, प्रयोग भलत्याच कारणाने यशस्वी झाला होता. हे अदृश्य किरण पुढे दीड शतकानंतर कागदाच्या रूपाने पुन्हा मुद्रकाच्या वाटेत आडवे आले, त्याचा प्रसंग पुढे येईलच.

मॅक्सवेलने प्रकाश मिळवून रंग केले; कागदावर मात्र शाई प्रकाश वजा करते, आणि त्या वजाबाकीचे गणित लुई द्युको द्यु ओराँ आणि शार्ल क्रो या दोघा फ्रेंचांनी १८६८-६९ च्या सुमारास परस्परांस नकळत मांडले. त्यावरून तिरंगी ब्लॉकची विद्या निघाली. आपल्याकडे तिची मीमांसा करणारा थोर पुरुष कलकत्त्याला झाला. सत्यजित राय यांचे आजोबा उपेंद्रकिशोर यांचे हाफटोनविषयीचे, म्हणजे छटा ठिपक्यांत फोडून छापण्याच्या पद्धतीविषयीचे, लेख लंडनच्या पेनरोज वार्षिकात छापले जात, आणि घरच्या छापखान्यात बसून साऱ्या जगाच्या मुद्रणविद्येत भर घालणाऱ्या या गृहस्थांचे नाव मराठी छपाईच्या इतिहासातही आदराने घेतले गेले पाहिजे. महाराष्ट्रात त्याआधीच दगडावरची रंगीत छपाई रुजली होती. राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत काढलेला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीस गेलेला छापखाना जर्मन कारागिरांच्या विद्येवर चाले, आणि त्यांतील फ्रिट्झ श्लायशर हे कालांतराने त्याचे मालकही झाले. त्या पद्धतीत प्रत्येक शाईचा दगड निराळा. मूळ तैलचित्र समोर ठेवून, सरस्वतीच्या साडीच्या एका निरीत फिका गुलाबी कोठवर आणि गडद तांबडा कोठून, याची फोड कारागिराने नुसत्या नजरेने करायची, आणि एकावर एक पडणाऱ्या दगडांची सांधणी तसूभरही चुकू द्यायची नाही. घरोघरच्या देव्हाऱ्यांतून आणि दिवाणखान्यांतून ज्या लक्ष्मी-सरस्वती पूजिल्या गेल्या, त्यांच्या मुखावरील कांती ही अशा अनाम नजरांची कमाई होय. परंतु ही नजर दुसऱ्याच्या हवाली करता येत नसे. एका कारागिराचा ‘फिका गुलाबी’ दुसऱ्याचा असेलच याची शाश्वती नव्हती, आणि शाईचा डबा बदलला की सगळा अंदाज पुन्हा पहिल्यापासून बांधावा लागे.

तो अंदाज संपविण्याचे काम छापखान्यात झाले नाही. ते दोन इंग्रज पदार्थवैज्ञानिकांनी अंधाऱ्या खोलीत केले. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात, इंपीरियल कॉलेजातील डेव्हिड राइट आणि टेडिंग्टनच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेतील जॉन गिल्ड हे दोघे एकमेकांपासून स्वतंत्रपणे एकच प्रश्न सोडवीत होते: वर्णपटातील कोणत्याही एका शुद्ध रंगाशी जुळणारा रंग तीन ठराविक प्रकाशांतून करावयाचा, तर प्रत्येकाचे प्रमाण किती? निरीक्षकाने नळीतून पाहावयाचे. समोर दोन भागांत विभागलेले लहानसे क्षेत्र, हात लांब करून अंगठ्याचे नख धरावे तितपत. एका भागात परका रंग, दुसऱ्यात आपल्या तीन प्रकाशांचे मिश्रण, आणि मधली रेघ दिसेनाशी होईपर्यंत खुंट्या फिरवीत राहायचे. राइट यांनी दहा माणसे बसविली, गिल्ड यांनी सात. दोघांची उपकरणे निराळी, मूळ प्रकाशही निराळे. राइट यांनी वर्णपटातूनच ६५०, ५३० आणि ४६० नॅनोमीटरचे किरण निवडले होते, तर गिल्ड यांनी दिव्यापुढे रंगीत गाळण्या लावल्या होत्या. असे असता दोघांचे आकडे एकाच परिमाणात आणून शेजारी ठेवले, तेव्हा ते इतके निकट जुळले की त्या मेळावर विसंबूनच सप्टेंबर १९३१ मध्ये केंब्रिज येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय प्रकाश आयोगाच्या अधिवेशनाने ‘प्रमाण निरीक्षक’ मान्य केला.

या घटनेपाशी थोडे थांबावेसे वाटते. सतरा माणसांच्या नजरांची सरासरी काढून जो द्रष्टा निर्माण झाला तो कोणत्याही एका देहात वसत नाही. त्याला वय नाही, थकवा नाही, आवडनिवड नाही. आणि तरीही जगातील कोणत्याही रंगाविषयी त्याला विचारले असता तो तीन आकड्यांत उत्तर देतो. रत्नागिरीच्या माणसाचा डोळा आणि टेडिंग्टनच्या माणसाचा डोळा यांत तफावत असू शकते, वाढत्या वयाबरोबर डोळ्याचे भिंग पिवळसर होत जाते, हे त्या शास्त्रज्ञांस ठाऊक होते. तरी व्यवहारासाठी एक साक्षीदार मान्य करावाच लागतो. आणि एकदा तो मान्य झाला म्हणजे गिरणीतील कापड, मोटारीचा रंग आणि छापखान्यातील शाई हे सर्व त्याच्यापुढे रुजू होऊ शकतात. मानवी व्यवहारात झालेल्या थोर तहांमध्ये मी या तहाची गणना करतो.

त्यात एक उणीव मात्र राहिली होती. प्रमाण निरीक्षकाच्या आकड्यांवरून काढलेल्या रंगांच्या नकाशावर दोन रंगांमधले अंतर सारखे दिसले तरी डोळ्याला ते सारखे भासत नसे. हिरव्याच्या प्रांतात मोठी चाल केली तरी फरक कळू नये आणि निळ्याच्या प्रांतात लहानशा चालीनेही खटकावे, असा प्रकार होता. कोडॅकच्या डेव्हिड मॅकॅडम यांनी १९४२ मध्ये एकाच निरीक्षकाकडून सुमारे २५,००० जुळण्या करवून ही विषमता लंबवर्तुळांच्या रूपाने रेखाटून दाखविली. तिच्यावर बऱ्याच अंशी इलाज म्हणून १९७६ मध्ये आयोगाने ‘लॅब’ हे रंगावकाशाचे परिमाण स्वीकारले, ज्यात एक आकडा उजेडाचा, एक हिरव्या-तांबड्याचा आणि एक निळ्या-पिवळ्याचा असतो, आणि दोन रंगांतील तफावत ‘डेल्टा-ई’ या एकाच संख्येने सांगता येते. येथवर डोळ्याची पैमाइश पुरी झाली. यंत्राची व्हावयाची होती.

शाईचा थेंब उडवून लिहावे ही कल्पना, द्रवाची धार फुटून तिचे थेंब का होतात याची लॉर्ड रॅले यांनी १८७८ मध्ये मांडलेली उपपत्ती वाचली, की आपोआप सुचण्यासारखी आहे. तरी ती प्रत्यक्षात यावयास स्वीडनमधील वैद्यक उपकरणांची वाट पाहावी लागली. रूने एल्मक्विस्ट यांनी १९५१ च्या सुमारास हृदयाचा आलेख काढण्यासाठी शाईच्या बारीक धारेचा उपयोग केला, आणि लुंड येथील कार्ल हेल्मुट हेर्ट्झ यांच्या संशोधनातून पुढे बोस्टनजवळच्या आयरिस कंपनीचे यंत्र निघाले, ज्यात फिरत्या नळकांड्यावर कागद गुंडाळलेला असे, चार नळ्यांतून दर सेकंदाला प्रत्येकी सुमारे दहा लाख थेंब सुटत, आणि नको असलेले थेंब विद्युत्भार देऊन बाजूस वळविले जात. हे यंत्र ऑफसेट छापखान्यांना ग्राहकाच्या मंजुरीसाठी आगाऊ प्रूफ काढता यावे एवढ्याच हेतूने घडविलेले होते. त्याला चित्रकलेच्या दालनात आणले ते एका गायकाने. क्रॉस्बी, स्टिल्स अँड नॅश या वाद्यवृंदातील ग्रॅहम नॅश हे छायाचित्रांचे मोठे संग्राहक आणि स्वतः छायाचित्रकार. त्यांनी आणि त्यांचे सहकारी मॅक होल्बर्ट यांनी १,२६,००० डॉलर किमतीचे आयरिस ३०४७ हे यंत्र घेऊन १९९१ मध्ये कॅलिफोर्नियातील मॅनहॅटन बीच येथे नॅश एडिशन्स ही कार्यशाळा थाटली. जलरंगासाठी वापरतात तसा जाड कागद त्यात जाईना. तेव्हा होल्बर्ट यांनी यंत्राच्या डोक्याचा भाग करवतीने कापून वाट करून दिली आणि कंपनीच्या हमीवर पाणी सोडले. ते यंत्र आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे, आणि ते तेथेच असणे मला सर्वस्वी उचित वाटते. कारण छायाचित्रकाराने अंधाऱ्या खोलीतील रसायनांचा निरोप घेऊन शाईचा अंगीकार केला, त्या क्षणाचा तो साक्षीदार आहे.

मात्र त्या काळी स्कॅनरने टिपलेला रंग पडद्यावर निराळा, आणि पडद्यावरचा कागदावर निराळा. प्रत्येक कंपनीने आपापल्या जोडीपुरता बंदोबस्त केला होता. परंतु दहा स्कॅनर आणि दहा प्रिंटर असतील तर जोड्या शंभर होतात आणि शंभर करार करावे लागतात, तर मध्ये एक समाईक भाषा असेल तर वीसच पुरतात. ही समाईक भाषा तयारच होती, ती १९३१ ची. ॲपलने १९९३ मध्ये कलरसिंक ही व्यवस्था आणली, आणि त्याच वर्षी ॲडोबी, अग्फा, ॲपल, कोडॅक, मायक्रोसॉफ्ट, सिलिकॉन ग्राफिक्स, सन आणि टॅलिजंट या आठ कंपन्यांनी मिळून आंतरराष्ट्रीय रंगसंघ, म्हणजे आयसीसी, स्थापन केला. त्यांनी ठरविलेल्या प्रोफाइलचे पहिले १२८ बाइट म्हणजे दस्तऐवजाचा मथळा. त्यात यंत्राचा वर्ग, रंगाची पद्धत, तारीख हे सर्व येते, आणि एका ठराविक जागी ‘एसीएसपी’ ही चार अक्षरे असावीच लागतात, ज्यांत ॲपलच्या मूळ नावाचा शिक्का आजतागायत टिकून आहे. एरवी बाजारात एकमेकांच्या जिवावर उठणाऱ्या आठ कंपन्यांनी रंगाच्या बाबतीत एकच दफ्तर मान्य करावे, ही गोष्ट सामान्य नव्हे.

प्रत्यक्ष काम कसे चालते ते पाहिले म्हणजे या दफ्तराचे मोल कळते. कॅलिब्रेशन आणि प्रोफाइल हे दोन शब्द एका दमात उच्चारले जातात, परंतु त्यांत मालक आणि कारकून यांच्याइतका भेद आहे. कॅलिब्रेशन हुकूम करते: नोझल स्वच्छ आहेत ना हे पाहायचे, अमुक कागदावर शाई किती झेपते याची मर्यादा बांधायची, कारण त्यापलीकडे शाई ओतल्याने काळे अधिक काळे न होता कागद नुसता ओथंबतो, आणि शाईचे प्रमाण समान पायऱ्यांनी वाढविले असता रंगही समान पायऱ्यांनी गडद व्हावा अशी सरळ रेषा साधायची. प्रोफाइल कोणताही हुकूम करीत नाही. यंत्र या अवस्थेत असताना कोणत्या आकड्याला कोणता रंग देते एवढेच ते टिपते. म्हणून आधी यंत्र स्थिर करावे आणि मगच त्याची नोंद घ्यावी, हा क्रम मोडला की सगळी मेहनत फुकट जाते.

नोंद घेण्यासाठी रंगीत चौकटींचा तक्ता छापतात. तीन रंगांच्या प्रत्येकी २५६ पायऱ्या धरल्या तर १,६७,७७,२१६ मिश्रणे संभवतात. ती सर्व कोण छापणार? प्रचलित तक्त्यांपैकी एकात ९१८ चौकटी असतात. मोजणीदार शिवारात ठराविक ठिकाणी दगड रोवून मधल्या जमिनीचा चढउतार त्यांवरून काढतो, तसा मधल्या रंगांचा हिशेब या चौकटींवरून होतो. छापताना प्रिंटरच्या ड्रायव्हरमधील सर्व रंगसुधारणा बंद ठेवावयाच्या, आणि छापलेला कागद निदान एक दिवस वाळू द्यायचा, कारण ओल्या शाईचा रंग हा त्या शाईचा कायमचा रंग नव्हे. मग स्पेक्ट्रोफोटोमीटर हातात घ्यायचा, आधी त्याच्या पांढऱ्या फरशीवर टेकवून त्याची स्वतःची रुजवात घ्यायची, आणि पट्टीच्या कडेने एकेक ओळ एकसारख्या गतीने ओढीत न्यायची. हात अडखळला तर यंत्र ती ओळ नाकारते आणि पुन्हा मागते. प्रत्येक चौकटीवरून परतलेल्या प्रकाशाचे ते ३८० ते ७३० नॅनोमीटरपर्यंत दहा-दहाच्या अंतराने ३६ तुकडे करते आणि प्रमाण निरीक्षकाच्या कोष्टकाशी गुणून लॅबचे तीन आकडे देते. ज्या चौकटीला तांबडा, हिरवा, निळा तिन्ही १२८ असा हुकूम दिला होता ती करडी यावी ही अपेक्षा. परंतु समजा, हिरव्या-तांबड्याचा आकडा उणे २ आणि निळ्या-पिवळ्याचा उणे ५ आला, तर ही शाई या कागदावर करड्याला निळसर करते हा तिचा दोष तेथे कायमचा नमूद झाला. पुढे खरे करडे हवे असेल तेव्हा संगणक हे कोष्टक उलटे वाचतो आणि पिवळ्याचा तेवढा अंश आगाऊ वाढवून धाडतो.

काही रंग त्या शायांच्या राज्याबाहेरच असतात. पडद्यावरचा झगझगीत निळा कागदावर उतरतच नाही. त्याचे काय करावे यासाठी आयसीसीने चार मार्ग आखून दिले, आणि त्यांपैकी छायाचित्रकार मुख्यत्वे दोनच वापरतो: एकात बाहेरचे रंग सीमेवर आणून ठेवतात आणि आतल्यांना हात लावीत नाहीत, दुसऱ्यात सर्वांनाच थोडे थोडे आवळून परस्परसंबंध राखतात. यांपैकी कोणता निवडावा हे मात्र कोष्टक सांगत नाही. पैठणीचा मोरपंखी काठ छापावयाचा की कोकणातील पावसाळी आभाळ, यावर ते अवलंबून आहे, आणि तेथे मळवलीच्या कारागिराची नजरच आजही कामाला येते.

२००० च्या सुमारास, आयरिसच्या शाया उजेडात लवकर फिकटतात हा अनुभव आल्यावर आणि प्रतींच्या टिकाऊपणाचे अभ्यासक हेन्री विल्हेल्म यांच्या चाचण्यांनी सर्वांचे डोळे उघडल्यावर, रंगद्रव्याच्या टिकाऊ शाया बाजारात आल्या. त्यांनी दुसराच पेच निर्माण केला. दिव्याखाली शुद्ध कृष्णधवल दिसणारी प्रत खिडकीपाशी नेताच हिरवट दिसू लागे. प्रोफाइल येथे हतबल होते, कारण त्याने एकाच प्रमाण प्रकाशाचा, ‘डी५०’चा, विचार केलेला असतो. इलाज रसायनातूनच निघाला. करड्यासाठी रंगीत शायांचे मिश्रण टाळून तीन दर्जांच्या काळ्या शाया देण्यात आल्या. आणि मग कागद आडवा आला. पांढरा अधिक पांढरा दिसावा म्हणून कागदात मिसळलेली उजळके जंबुपार किरण शोषून निळा प्रकाश सोडतात. मोजणाऱ्या उपकरणाच्या दिव्यात ते किरण अल्प, खिडकीतल्या उन्हात विपुल, म्हणून उपकरणाने पाहिलेला कागद आणि माणसाने पाहिलेला कागद निराळे ठरत. आयएसओच्या १३६५५ क्रमांकाच्या प्रमाणाने २००९ मध्ये मोजणीच्या प्रकाशाचे प्रकार एम-०, एम-१, एम-२ अशा नावांनी बांधून दिले, आणि त्यांतील एम-१ मध्ये जंबुपाराचा वाटा डी५० प्रमाणे ठरवून टाकला.

प्रमाण निरीक्षकाच्या दृष्टीची फेरतपासणीही झाली आहे. डोळ्यातील शंकुपेशींच्या प्रत्यक्ष संवेदनेवर बेतलेली नवी कोष्टके आयोगाने २००६ आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध केली, आणि आयसीसीच्या आयसीसीमॅक्स या नव्या रचनेत निरीक्षक कोणता आणि प्रकाश कोणता हे दस्तऐवजातच लिहिण्याची मुभा आहे. तरीही पुण्यातल्या स्टुडिओतील छायाचित्रकाराचे उपकरण, टोकियोतील मुद्रकाचे आणि न्यूयॉर्कच्या कलादालनाचे, हे तिन्ही आजमितीस चौकटीवर टेकवले असता १९३१ च्या त्या सतरा माणसांच्याच वतीने उत्तर देतात.